पीआयपीचे थकलेले पैसे एकदम आले, आता यूसी बंद होणार का?

लंडनजवळच्या स्लावहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. नवरा वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, २०२४ च्या सुरुवातीला त्याला स्ट्रोक आला, डावा हात जवळजवळ गेलाच, चालताना तोल जातो. ताई शाळेच्या किचनमध्ये आठवड्याला १६ तास काम करतात. घर भाड्याचं, युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) चालू, मुलगी १४ ची, मुलगा २३ चा आणि नोकरीला आहे पण घरीच राहतो. पीआयपीचा (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजार-अपंगत्वासाठी मिळणारा भत्ता) क्लेम १० जून २०२४ ला केला, नामंजूर झाला, रीकन्सिडरेशन (फेरविचार) मागितलं तेही नामंजूर, शेवटी ट्रायब्युनलपर्यंत गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये जिंकले. (ताई, याबद्दल आधी अभिनंदन. बरेच लोक पहिल्या नकारालाच घरी बसतात.) २१ जानेवारी २०२६ ला अकाऊंटवर ११,४८५ पौंड ७५ पेन्स जमा झाले आणि तेव्हापासून ताईंची झोप उडालीय.

त्या लिहितात, "दादा, आमचे साठवलेले ५,२०० आधीच होते. आता सगळं मिळून १६ हजारांच्या वर गेलं. माझी नणंद म्हणते १६ हजारांच्या वर एक पौंड जरी गेला तरी यूसी बंद, भाडंसुद्धा मिळणार नाही, त्याआधी पैसे साताऱ्याला दिराच्या खात्यात टाक. पण मला भीती वाटते. सांगू की नको सांगू? आणि मे महिन्यात आम्ही सगळे सहा आठवडे गावी जाणार आहोत, सासूबाई थकल्यात, त्याचं काही होणार नाही ना?"

ताई, दिराच्या खात्यात काही टाकू नका. टाकलं असेल तर परत मागवा.

नणंदबाई अगदीच चूक नाहीयेत. नियम तोच आहे, ६,००० पर्यंत सेव्हिंग असेल तर यूसी हात लावत नाही, ६,००० ते १६,००० च्या मध्ये असेल तर थोडं थोडं कापतं आणि १६,००० च्या वर गेलं की क्लेमच संपतो, आणि नवरा-बायकोचे पैसे एकत्र धरतात. तुमचा हिशोब केला तर ५,२०० अधिक ११,४८५.७५ म्हणजे १६,६८५.७५, म्हणजे वरवर बघितलं तर गेलंच. पण त्यांना जे माहीत नाही ते असं की बेनिफिटची थकबाकी म्हणून आलेले पैसे, म्हणजे आपण ज्याला बॅकडेटेड म्हणतो ते, हातात पडल्या दिवसापासून १२ महिने सेव्हिंगमध्ये मोजतच नाहीत. हे कुणाच्या मेहेरबानीवर नाहीये, लिहिलेला कायदा आहे. युनिव्हर्सल क्रेडिट रेग्युलेशन्स २०१३, शेड्यूल १०, पॅराग्राफ १८. हा नंबर एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवा, फोनवर समोरचा गोंधळला की उपयोगी पडतो.

आणि विचार केला तर ते बरोबरच आहे ना. हे पैसे तुम्हाला दर चार आठवड्यांनी मिळायचे होते, त्यांनी दिले नाहीत, तुम्ही त्या काळात कार्डावर भागवलं, बहिणीकडून उसने घेतले. आता दीड वर्षाचं एकदम आलं म्हणून तुम्ही श्रीमंत झालात असं कसं म्हणणार?

रक्कम बरोबर आलीय का तेही मी पाहिलं. दाजींना डेली लिव्हिंग (रोजच्या कामांसाठीचा भाग) एन्हान्स्ड म्हणजे वरच्या दराने आणि मोबिलिटी (चालण्या-फिरण्याचा भाग) स्टँडर्ड म्हणजे साध्या दराने मिळालंय. १० जून २०२४ ते एप्रिल २०२५ चे रेट बदलेपर्यंत बरोब्बर ४३ आठवडे होतात, तेव्हाचा रेट १०८.५५ आणि २८.७०, म्हणजे आठवड्याला १३७.२५, गुणिले ४३ म्हणजे ५,९०१.७५. पुढचे ४० आठवडे नवीन रेटने, ११०.४० आणि २९.२०, म्हणजे १३९.६०, त्याचे ५,५८४. बेरीज ११,४८५.७५. पेन्सपर्यंत जुळलं. बाकीच्यांनीही आपलं असं एकदा गुणून बघा, क्लेमची तारीख म्हणजे ज्या दिवशी तुम्ही पहिला फोन केला तो दिवस, फॉर्म भरून पाठवला तो नाही, आणि कधीकधी तीच तारीख चुकलेली असते.

आता सांगायचं की नाही. सांगायचं. हसू नका, पण माझ्याकडे शनिवारी सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी ज्यांचं वाटोळं झालं त्यातल्या बहुतेकांचे पैसे मुळात माफच होते, त्यांनी लपवले म्हणून प्रकरण चिघळलं. डीडब्ल्यूपीनेच (बेनिफिट देणारं सरकारी खातं) पैसे दिलेत, त्यांना कळणार नाही असं कसं होईल. यूसीच्या अकाऊंटमध्ये रिपोर्ट अ चेंजमध्ये जा, तिथे मनी, सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट्स असा भाग आहे, त्यात खरी रक्कम भरा आणि लगेच जर्नलमध्ये (त्याच अकाऊंटमधली मेसेज लिहायची जागा) मेसेज टाका. साधं लिहा, की आमच्याकडे एकूण इतके आहेत, त्यातले ११,४८५.७५ ही पीआयपीची थकबाकी आहे, २१ जानेवारी २०२६ ला मिळाली, शेड्यूल १० पॅराग्राफ १८ प्रमाणे १२ महिने मोजू नये, पत्र माझ्याकडे आहे, हवं तर दाखवते. मेसेज टाकला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि एवढं करूनही कुणीतरी घाईत क्लेम बंद केला, असं होतं, तर घाबरून नवीन क्लेम टाकू नका, आधी एक महिन्याच्या आत मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन मागा, तो रस्ता तुम्हाला आता पाठ आहे.

पत्रावरून आठवलं. माझे वडील इथे पन्नास वर्षं राहिले, शेवटी शेवटी त्यांना अटेंडन्स अलाउन्स (म्हाताऱ्या आजारी माणसांचा भत्ता) मिळालं तेही बॅकडेटेड, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांची मदत) चालू होतंच. मी मोठा सल्लागार, लोकांना शहाणपण शिकवणारा, आणि आमच्याच घरी दिवाळीच्या साफसफाईत ते अवॉर्डचं पत्र रद्दीत गेलं. पुढे विचारणा आली तेव्हा बँकेच्या स्टेटमेंटवर एक ओळ आणि त्यांचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर, बस. त्यावरून इतकंच कळतं की पैसे आले, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे ते काही कळत नाही. कॉपी मागवायला फोनवर किती वेळ ते गाणं ऐकलं विचारू नका. तर पत्र जपा, फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

आणि शक्य असेल तर ते पैसे वेगळ्या सेव्हिंग अकाऊंटला टाका. कायद्याने बंधन नाही, पण त्याच अकाऊंटमध्ये पगार, भाडं, टेस्कोचं बिल, मुलीच्या ट्रिपचे पैसे सगळं येत-जात राहिलं की वर्षभराने थकबाकीतले किती उरले आणि तुमचे ५,२०० कुठले हे तुम्हालाच सांगता येणार नाही. वेगळं खातं म्हणजे खिरीत साखर पडायच्या आधी बाजूला काढून ठेवल्यासारखं.

१२ महिने म्हणजे २१ जानेवारी २०२७. ही तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने. त्यानंतर जे उरलं असेल ते साध्या सेव्हिंगसारखं मोजणार. समजा तेव्हा थकबाकीतले ७,००० शिल्लक आहेत आणि तुमचे ५,२०० तसेच आहेत, म्हणजे १२,२००. त्यातले ६,००० माफ, उरले ६,२००. आता प्रत्येक २५० पौंडाला महिन्याला ४ पौंड ३५ पेन्स उत्पन्न आहे असं ते धरतात, आणि २५० पुरे नसले तरी त्या तुकड्यालाही पूर्ण ४.३५. म्हणजे २५ वेळा, १०८ पौंड ७५ पेन्स दर महिन्याला यूसीतून कमी. बँकेत इतकं व्याज कोण देतं, पण नियम आहे. १६,००० ला पोचायचा प्रश्न येत नाही, त्यामुळे क्लेम बंद वगैरे होणार नाही, कपात होईल.

यात एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. पीआयपी म्हणून दर चार आठवड्यांनी जे येतं, तुमच्या बाबतीत २०२५-२६ च्या रेटने ५५८.४०, ते यूसी उत्पन्न धरत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं पीआयपीचा पैसा कायमचा सोवळ्यात. तसं नाही. आलेलं खर्च केलं तर काही नाही, पण दर वेळी साठवत गेलात तर साठलेलं ते सेव्हिंगच. तुमचे ५,२०० आहेत, ६,००० ला फक्त ८०० कमी आहेत, दोन-तीन हप्ते न खर्चता राहिले की रेषा ओलांडली. ओलांडली की तेही कळवायचं.

मग खर्च कुठे करायचा? तुमच्या गरजेवर करा, त्यात कुणी विचारणार नाही. कार्डाची उधारी फेडा, बहिणीचे परत करा (तिच्याकडून मेसेजवर तरी लिहून घ्या की मिळाले), दाजींसाठी उठायला मदत करणारी खुर्ची घ्या, वॉशिंग मशीन गेलंय म्हणालात ते घ्या. यूसीच्या नियमात स्पष्ट आहे की कर्ज फेडणं किंवा तुमच्या परिस्थितीत रास्त अशा वस्तू घेणं हे मुद्दाम पैसे उडवणं धरत नाहीत. पण बेनिफिट टिकावं म्हणून पैसे कुणाला देऊन टाकले, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं समजून हिशोब करता येतो त्यांना. म्हणजे पैसेही गेले आणि कपातही झाली. दिराच्या खात्यात 'फक्त ठेवायला' टाकणं तर त्याहून वाईट, कारण दुसऱ्याच्या नावावर ठेवले तरी पैसे तुमचेच, आणि वर लपवल्याचा ठपका. शिवाय दीर-भावजय संबंध पैशापायी कसे होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर मी काय बोलू.

एक मात्र थांबा. बाथरूम फोडून वेट रूम करायची म्हणताय, मिस्त्रीने ६,००० सांगितलेत. आधी काउन्सिलकडे डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटसाठी (अपंग माणसासाठी घरात बदल करायला मिळणारे पैसे) अर्ज करा. इंग्लंडमध्ये ती ३०,००० पौंडांपर्यंत असते, भाडेकरूलाही मिळते (घरमालकाची परवानगी लागते), आणि यूसीवर असलेल्या माणसाला मिळायची शक्यता चांगली असते. पण मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर सहसा नाही म्हणतात. वेळ लागतो हे खरं, काउन्सिलची ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बाई घरी येऊन बघून जाईपर्यंत महिने जातात, तोवर शॉवरमधली खुर्ची आणि दोन ग्रॅब रेल लावून भागवा.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते. मला तर पत्र वाचून वाटलं, ताई पैसे जातील म्हणून घाबरल्यात आणि इकडे त्यांचेच पैसे आणखी यायचे बाकी आहेत.

पहिलं तुमचं स्वतःचं. दाजींना डेली लिव्हिंग मिळालं की त्यांची आठवड्याला ३५ तास काळजी घेणाऱ्या माणसाला यूसीमध्ये केअरर एलिमेंट मिळतं. २०२५-२६ चा रेट महिन्याला २०१.६८. तुम्ही म्हणाल मी काय केअरर, मी बायको आहे, करावंच लागतं. पत्रात तुम्हीच लिहिलंय की सकाळी शर्टची बटणं तुम्ही लावता, पोळीचे तुकडे करून देता, गोळ्या डब्यात भरून ठेवता, आंघोळीला बाहेर उभ्या असता, रात्री बाथरूमला उठले की तुम्हीही उठता. आठवडाभर एका कागदावर लिहून काढा, ३५ तास बुधवारीच संपतील. आणि नोकरी करता म्हणून हे अडत नाही, केअरर एलिमेंटला कमाईची मर्यादा नाही. जर्नलमध्ये लगेच लिहा, याच असेसमेंट पिरियडमध्ये (यूसीच्या हिशोबाचा महिना), की जून २०२४ पासून मी काळजी घेते, पीआयपी आत्ता मंजूर झालं, तेव्हापासून एलिमेंट द्या. जवळजवळ १९ महिने होतात, महिन्याला दोनशेच्या आसपास म्हणजे ३,८०० च्या घरात. आणि हो, ती यूसीची थकबाकीही तशीच १२ महिने मोजत नाहीत, तिची तारीख मात्र वेगळी, ती आली त्या दिवसापासून.

कुणीतरी केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्यांचा वेगळा भत्ता) घ्या म्हणेल. माझं मत विचाराल तर तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. ते यूसीतून पौंडाला पौंड कापून घेतात, त्यामुळे हातात जास्त काही येत नाही, आणि त्याची कमाईची मर्यादा २०२५-२६ ला आठवड्याला १९६ पौंड, एक पौंड वर गेला की पूर्ण आठवड्याचं जातं. शाळेत एखाद्या आठवड्यात जादा शिफ्ट केलीत की झालं, मग वर्षाने वसुलीचं पत्र.

दुसरं, मोठा मुलगा. २१ च्या वरचा कमावता मुलगा घरात असला की यूसी भाड्याच्या भागातून कपात करतं, २०२५-२६ ला ९३ पौंडांच्या आसपास दर महिन्याला, स्टेटमेंटवर हाउसिंगच्या खाली बघा. घरातल्या क्लेम करणाऱ्या दोघांपैकी एकालाही पीआयपीचं डेली लिव्हिंग मिळत असेल तर ही कपात होत नाही. म्हणजे जून २०२४ पासूनची ती परत मागायची, सतराशेच्या आसपास होतील. हे आपोआप होईल या भरवशावर राहू नका, जर्नलमध्ये वेगळी ओळ लिहा.

काउन्सिल टॅक्सचं वेगळं आहे. कामाच्या वयातल्या लोकांसाठी इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिल स्वतःची स्कीम चालवते, २०१३ पासून, त्यामुळे पत्रात लिहिलंत त्या लेस्टरच्या मैत्रिणीला जे झालं ते स्लावला होईलच असं नाही. त्यांनाही पत्राची कॉपी पाठवा आणि थकबाकी सेव्हिंगमध्ये धरता का हे लेखी विचारा. गाडी दाजींच्या किंवा त्यांच्यासाठी ती चालवणाऱ्याच्या नावावर असेल आणि फक्त त्यांच्यासाठीच वापरली जात असेल तर मोबिलिटी स्टँडर्डवर रोड टॅक्स निम्मा होतो, तेही बघा.

साताऱ्याचं घर तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत, "ह्यांचा अर्धा हिस्सा आहे पण त्यात सासूबाई राहतात". ताई, ती ओळ सगळ्यात वर यायला हवी होती. भारतातलं घर, जमीन, एनआरओ खातं, एफडी, पोस्टातली बचत, सगळं यूसीच्या दृष्टीने सेव्हिंगच आहे, समुद्र ओलांडला म्हणून सुटत नाही. सुदैवाने जवळचा नातेवाईक, यात आई येते, पेन्शनच्या वयाचा असेल आणि ते घर त्याचं राहतं घर असेल तर ते मोजत नाहीत. सासूबाई ७८ च्या, म्हणजे तुम्ही यात बसता. पण क्लेमच्या वेळी हे घर सांगितलं होतंत का? नसेल तर आता याच मेसेजमध्ये सांगू नका, आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा तुमच्या भागातल्या लॉ सेंटरच्या माणसाबरोबर बसून, कागद समोर ठेवून, नीट शब्दांत लिहून मग सांगा. सांगायचं आहेच, फक्त घाईत नको. आणि पुढे कधी सासूबाई गेल्या किंवा घर रिकामं झालं तर तेव्हा पुन्हा कळवायचं, हे लिहायला बरं वाटत नाही पण त्या दुःखात कुणाला लक्षात राहणार.

ज्यांच्या व्हिसावर पब्लिक फंड्स नाही असं लिहिलेलं आहे त्यांनी हे वाचून पीआयपी किंवा यूसीचा अर्ज टाकू नका, आधी इमिग्रेशनवाल्याला विचारा. या ताईंचं आयएलआर (कायम राहायची परवानगी) आहे.

आणि ऑफिसच्या स्वतःच्या चुकीमुळे पैसे अडकले होते आणि रक्कम ५,००० किंवा वर असेल तर सूट १२ महिन्यांपेक्षाही लांबते. ट्रायब्युनलने वेगळं मत दिलं म्हणजे ऑफिसची चूक झाली असं सहसा धरत नाहीत, म्हणून तुमच्यासाठी मी १२ महिनेच धरून चाललोय. पण चूक खरंच त्यांची होती असं कागदावर असेल तर जरूर विचारा.

राहिली मे महिन्याची गोष्ट. पीआयपीला १३ आठवड्यांपर्यंत बाहेर गेलं तर चालतं, यूसीला एक महिनाच. सहा आठवडे गेलात तर यूसी थांबेल आणि आल्यावर नव्याने सगळं, तेही भाड्यासकट. तिकिटं अजून काढली नसतील तर चार आठवड्यांची काढा, सगळ्यांची, दाजी एकटे मागे राहिले तरी जॉइंट क्लेमचा घोळ होतो. जायच्या आधी जर्नलमध्ये तारखा टाका. शाळेची सुट्टी मेमध्ये एकच आठवडा असते, तुमची आणि मुलीची रजा कशी बसवताय ते मला कळलं नाही, पण ते तुमचं तुम्ही बघाल. पेंडिंग आहे ते जर्नलमधलं लिहिणं, ते या आठवड्यात करा आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.